डॉर्कस सुईणीची वाट

आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या काळात काय काय घडून गेलं, कोण सांगणार? पण ही एक गोष्ट मात्र टिकली. इंग्लंडात एल्डरबेक नावाचं गाव आहे. निम्मं टेकडीवर, निम्मं खाली ओढ्याकाठी, आणि दोहोंना जोडणारी पायवाट मधल्या कुरणातून जायची. वरच्या आळीत डॉर्कस नावाची म्हातारी सुईण राहायची. अख्खं गाव तिच्याच हातांवर जन्मलं, असं म्हणतात.

पुढे जमीनदार सर हम्फ्री याच्या डोक्यात हरणं पाळायचं खूळ शिरलं. त्यानं कुरणाला कुंपण घातलं. झालं, वाट बंद! खाली जायचं तर टेकडीला वळसा घाला. एकदा खालच्या आळीत एक बाळंतीण अडली. डॉर्कस धापा टाकत पोचली, तोवर आई आणि बाळ दोघंही गेली होती. ते म्हाताऱ्या सुईणीच्या जिव्हारी लागलं. वाट सोडा म्हणून तिनं हम्फ्रीला विनवलं, त्यानं हसण्यावारी नेलं.

त्या मुलखात एक समजूत होती. ज्या वाटेनं मयत नेली, ती वाट कायमची गावाची. मग राजालाही ती अडवता यायची नाही. डॉर्कसनं गावाला बजावलं, की मी मेले की मला कुरणातूनच न्या. हे हम्फ्रीच्या कानावर गेलं. तोही त्याच मातीतला, समजूत मानणारा. त्यानं कुंपणाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही फाटकांवर पहारा बसवला. शवपेटी म्हणून आत येता कामा नये!

आणि गंमत बघा, ऐन हिवाळ्यात त्याचीच सून अडली. ओढ्याकाठच्या हवेलीतून डॉर्कसला बोलावणं आलं. बायका म्हणाल्या, जाऊ नकोस, भोगू दे त्याला. डॉर्कस म्हणाली, "पोटातल्या बाळानं कुंपण घातलेलं नाही." आणि गेली. दिवसभर झुंजली. नातू सुखरूप झाला. हरखलेला हम्फ्री म्हणाला, काय हवं ते माग.

"एकदा कुरणातून घरी जाऊ द्या," ती म्हणाली.

जिती बाई चालत गेली तर काय बिघडतंय, म्हणून त्यानं फाटक उघडायला लावलं.

कुरणात गुडघाभर बर्फ होतं. डॉर्कस चालेल तसं तेवढ्या वाटेवरचं वितळत गेलं, असं म्हणतात. मधोमध ती टेकली आणि तिनं डोळे मिटले, ते कायमचे. आता आली का पंचाईत! तिथंच पुरायला पाद्री तयार होईना. हम्फ्री म्हणाला, आली त्याच खालच्या फाटकातून चटकन बाहेर काढा, म्हणजे अख्खी वाट तरी जायची नाही. पहारेकऱ्यांनी तिला खांद्यावर घेतलं. तेही तिच्याच हातांवर जन्मलेले, ढसाढसा रडत होते. खालचं फाटक काही केल्या उघडेना. माघारी फिरून त्यांनी तिला पार वर, चर्चच्या आवारात नेलं. अशी मयत अख्ख्या वाटेवरून गेली.

कुंपण त्याच आठवड्यात निघालं. बाप्तिस्म्याला नातवाला छातीशी धरून हम्फ्री स्वतः ती वाट चढला आणि मधोमध त्यानं टोपी काढली, असं म्हणतात. आजही एल्डरबेकमध्ये नवं मूल चर्चमध्ये नेतात ते याच वाटेनं. मधोमध सगळे टोप्या काढतात. आणि मूल उचलून न्यायचा मान असतो घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाचा.