कच्च्या माठांची आणि मेघाईची कहाणी

ऐका मेघाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, पण ते वाळूत वसलेलं. चहूकडे वाळू, वर कोरडं आभाळ. प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून उंटावर यायचं, तेही मचूळ. पाऊस पिढीतून एखाद्या वेळी पडे. तो कसा असतो ते म्हाताऱ्यांनी सांगावं आणि पोरांनी हसावं. तरी नगरात एक वसा चालत आला होता. पाऊस म्हणजे पाहुणी आलेली मेघाई; ती गावात आहे तोवर घरातलं एकही भांडं पालथं ठेवायचं नाही. पालथं भांडं म्हणजे पाहुणीला "जा" म्हणणं.

त्या नगरात साळू नावाची कुंभारीण होती. घरात ती आणि तिची सासू. नवरा धोंडी गेल्या साली तापानं गेला. जाण्याआधी त्यानं माठ घडवले, थापटून गोल केले, ओसरीवर पालथे घालून वाळवले. आता आवा, म्हणजे भट्टी, लावायचा आणि माठ भाजायचे, तेवढंच राहिलं होतं. ते राहूनच गेलं. घरात भाजलेले माठ होते ते विकून साळूनं वर्ष काढलं. या कच्च्यांना तिनं हात लावला नाही. सासू म्हणे, "साळू, आवा लाव ग." साळू म्हणे, "लावते, आत्याबाई. उद्या लावते." उद्याचा परवा झाला, परवाचा तेरवा झाला. वाळूतली हवा कोरडी, कच्चं मडकं तिथं जसंच्या तसं राहतं. माठात हात घातला की धोंडीच्या बोटांचे वळ हाताला लागत. भाजलं की विकावं लागणार, हे तिला ठाऊक होतं.

मग एके दिवशी काय झालं? भर दुपारी आभाळ काळवंडलं. पहिला थेंब पाटलाच्या टकलावर पडला. कावळ्यानं घाण केली म्हणून पाटील वर बघून शिव्या द्यायला लागला, तर दुसरा थेंब तोंडात. मग नगर वेडं झालं. म्हातारे डबक्यात फतकल मारून बसले. बायकांनी साखर वाटली. एक उंट जन्मात पहिल्यांदा चिखलात घसरला, तो रागावून बाजारपेठेत बसला, काही केल्या उठेना. लोकांनी हंडे मांडले, पराती मांडल्या, पळी-पंचपात्रसुद्धा अंगणात मांडलं.

साळूच्या कपाळाला तेवढी आठी. तिचं घर मातीच्या धाब्याचं. वरून टपटप, खालून ओल. तिनं कच्चे माठ ओसरीवरून उचलले, माजघरात नेले. माजघर गळायला लागलं. मग चुलीपाशी नेले. चूलही गळायला लागली. मग सासूच्या बाजेवर नेले, वर गोधडी घातली.

सासू म्हणाली, "अग, मी कुठं निजू?"

"कोपऱ्यात निजा, आत्याबाई."

"कोपरा गळतोय."

"मग बसून राहा! मी काय करू? मी पाडते का पाऊस?"

तेवढ्यात शेजारची तेलीण आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, हसून हसून दमलेली. "साळू, एखादा माठ दे ग! माझी सगळी भांडी भरली."

"माठ नाहीत."

"गोधडीखाली काय मग? बाळंतीण निजवलीस का?"

"कच्चे आहेत."

"आणि पालथे! अग बये, मेघाई गावात, नि तुझ्या घरात पालथी भांडी? तुझ्यापायी ती निघून गेली तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, येऊन माझं छप्पर धरा. मग पुढचं बोला."

तेलीण तोंड वेंगाडून गेली. साळू दार लावणार, तोच दारात एक म्हातारी उभी. केसांतून पाणी, पदरातून पाणी.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, बसायला दे." साळू म्हणाली, "कोरडं असेल तिथं बस, मलाही दाखव." म्हातारी दाराआडच्या शेण्यांच्या ढिगावर जाऊन बसली. घरात कोरडं जळण तेवढंच होतं. त्याचा लगदा झाला.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, खायला दे." साळूनं तिला टोपलीतली उरलेली अर्धी भाकरी दिली. म्हातारीनं ती हातात धरली, भाकरी भिजून तिची पेज झाली. "मऊ आहे हो," म्हणत तिनं ते खाल्लं.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, भांडं दे. चार दिवसांची मी पाहुणी. तुझ्या घरात एक घागर पाणी नाही. मी गेल्यावर या सासूला काय पाजशील?"

तो प्रश्न साळूला लागला, कारण तो खरा होता. घरात एक रांजण, तो तडकलेला. विहिरीची वाट सासूच्या पायांना झेपणारी नव्हती, आणि उंटावरचं पाणी विकत घ्यायला आता विकण्यासारखं काही नव्हतं. तिनं गोधडी वर केली. एक माठ उचलून सुलटा केला. ओलीनं तो नरम पडला होता. तिच्या हातातच त्याचा गळा बसला आणि आतले बोटांचे वळ पुसून सपाट झाले.

मग साळूचा तोल गेला. "तू कोण ते मला कळलं," ती म्हणाली. "आता आलीस होय? तो होता तेव्हा कुठं होतीस? जन्मभर त्यानं पाण्याची भांडी केली, पाऊस एकदा पाहिला नाही. आता आलीस नि त्याच्या हातचं तेवढं राहिलं होतं, तेही पुसायला बसलीस. शेण्या भिजवल्यास, घर भिजवलंस, आणि वर भांडं मागतेस. लाज नाही वाटत?"

सासूनं कपाळाला हात लावला. "अग, देवाशी कुणी असं बोलतं?"

मेघाईनं पदर पिळला. मग म्हणाली, "बोलू दे. जिथं जाते तिथं ओवाळतात, खरं कुणी बोलत नाही. बाई, मी मेलेलं माणूस आणू शकत नाही. गेलेला वळही आणू शकत नाही. वसा देते, घेशील?"

"कसला वसा?"

"घडलेलं भाजावं. भाजलेलं सुलटं मांडावं. भरलेलं वाटावं."

"वा! मग कोरड्या शेण्या दे."

"माझ्याकडे कोरडं कुठून असणार?" मेघाई म्हणाली. "ते तुझ्या गावाकडे माग. तोवर मी लांब टेकाडांपलीकडे हिंडून येते."

"आणि परत नाही आलीस तर?"

 मेघाई उठली, निघून गेली. पाऊस थांबला.

नगरात रडारड झाली. लोक तेलिणीला पुढं घालून साळूच्या दारी आले. "तूच घालवलीस!" साळू दारात उभी राहिली. सासरी आल्यापासून तिनं कुणापुढं हात पसरला नव्हता. ती म्हणाली, "भांडायचं असेल तर नंतर भांडा. मला जळण द्या. घराच्या अगदी आत जे कोरडं असेल ते द्या."

कुणी हललं नाही. मग तेलीणच वळली, घरी गेली आणि देव्हाऱ्यामागं जपलेलं सरपण घेऊन आली. मग कुणी गादीतलं गवत आणलं, कुणी पाळण्याचा मोडका पाय आणला. पाटलानं बसायचा पाट आणला, वर म्हणाला, "जपून जाळा." उन्हात माठ पुन्हा वाळले, तसा साळूनं आवा रचला. एकेक माठ उचलताना तिनं आत हात घातला, वळांवरून बोटं फिरवली, माठ आव्यात ठेवला. मग सासूच्या हातानं अग्नी दिला.

आवा जळला, निवला. काही माठ तडकले, काही फुटले. उरले ते साळूनं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिले. खणखणीत वाजले. तिनं ते अंगणात सुलटे मांडले. आभाळ कोरडंच होतं. लोक पाहू लागले, कुजबुजू लागले. साळू कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि टेकाडांकडे बघून ओरडली, "आता ये की! का अक्षत पाठवू?"

मग वारा सुटला, मेघाई आली. माठ भरले, काठोकाठ भरले. साळूनं ज्यानं ज्यानं जळण दिलं त्याच्या घरी एकेक माठ पोचवला. विकला एकही नाही. मागं एक राहिला. त्यातलं पाणी तिनं सासूला दिलं.

सासू प्यायली. "गार आहे ग," म्हणाली. मग बराच वेळ माठाला हात लावून बसली.

साळूनं मग स्वतःसाठी घेतलं.

पुढं लोक साळूला माठ घडवायला सांगू लागले, दोघींचं पोट भरू लागलं. मेघाई साळूच्या रागाला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ज्यांचं घडायचं राहिलं त्यांचं घडो, भाजायचं राहिलं त्यांना जळण मिळो, तहानेल्याच्या घरी माठ भरलेला राहो. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, भरल्या माठाशी सुफळ झाली.