निळ्यांचा ठराव

माणसं सभा भरवायला शिकली नव्हती, त्या काळी निळ्या फुलपाखरांची सभा ओढ्याकाठच्या चिखलावर भरली. अध्यक्ष म्हणाला, "आपण सगळे निळेच. मग कुणी बोरीवर, कुणी लिंबोणीवर अंडी कशाला? यापुढे सर्वांनी माझ्यासारखं तुरीवर यावं."

अंडी घालायची वेळ झालेली बोरीवरची मादी सारखी जागा बदलत होती. "दादा, माझी पिल्लं तुरीला तोंड लावत नाहीत."

"लाडावून ठेवलीत! भूक लागली की खातील."

"भूक लागली की मरतील," म्हणत ती बोरीकडे उडाली. मागून "फुटीर! फुटीर!" असा ओरडा झाला. लिंबोणीवरच्यांनी मात्र शिस्तीत तुरीवर अंडी घातली.

पुढच्या पिढीच्या सभेला बोरीवरच्यांना बोलावणं नव्हतं आणि लिंबोणीवरचं कुणी उरलं नव्हतं. ठराव एकमताने कायम झाला.