उघडी

तरसवाडीची हलगी पहिल्यांदा ऐकणारा पाहुणा दचकतोच. वाजप ऐन रंगात येतं आणि मध्येच, एका झटक्यात सगळे हात थांबतात. या वाजपाला ‘उघडी’ म्हणतात. हे नाव का पडलं, ते म्हातारे दादबा हलगीवाले पाहुण्यांना ओढ्यातल्या अर्धवट दगडी बांधापाशी नेऊन सांगतात.

हा बांध इनामदार घालत होता. दर पावसाळ्यात तो वाहून जायचा. बांधाला बाईचा बळी हवा, असं कुणीतरी इनामदाराच्या डोक्यात भरवलं म्हणे. इनामदाराच्या घरात बायका काही कमी नव्हत्या. पण त्याची नजर गेली दगड वाहणाऱ्या चिमीवर. वडाराची पोर, नवरा मेलेला, मागं विचारणारं कुणी नाही.

सटवा हलगीवाल्याला सांगावा आला, “बांधाची पूजा आहे. थांब म्हणेपर्यंत वाजवायचं.” सटवा हौसेनं आला. बांधाच्या टोकाला कनात लावलेली होती. त्यानं हलगी घुमवली, मजूर नाचू लागले.

वाजवत वाजवत तो कनातीच्या कडेला सरकला आणि त्यानं आत पाहिलं. चिमी कमरेपर्यंत दगडांत चिणलेली. गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. ती जीव खाऊन ओरडत होती आणि दोन हातांवर उभ्या सटवाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्याच्याच हलगीपायी!

सटवाच्या अंगाची लाही लाही झाली. इनामदाराचा संताप आलाच, त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा. याच हातांनी आपण तिचं तोंड दाबून धरलंय. त्यानं हात आखडला.

“वाजव रं!” इनामदार गरजला.

“न्हाई वाजवत! आता तिचं ऐका!”

चिमीची किंकाळी सगळ्या शिवारात गेली. मजुरांनी पहारींनी कनात फाडली, दगड उपसले, तिला जिती बाहेर काढली. त्यानंतर बांधाला कुणी दगड लावला नाही.

इनामदाराच्या माणसांनी सटवाची उजव्या हाताची बोटं ठेचली. तो डाव्या हातानं वाजवायला शिकला. पुढच्या जत्रेत, इनामदार समोर बसलेला असताना, ऐन भरात थांबला. त्या शांततेत चिमीनं इनामदाराचं नाव घेऊन त्याची करणी सगळ्या गावासमोर सांगितली. हलगीनं झाकलेलं हलगीनंच उघडं केलं, म्हणून ती उघडी, असं सांगतात.

आजही जत्रेत उघडी थांबली की गावातली कुठलीही बाई पुढं येते. कधी नवऱ्याचं नाव घेते, कधी सासऱ्याचं, कधी सरपंचाचं. आणि नाव घेतलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याला तिथंच बसून, शेवटपर्यंत ऐकावं लागतं.