चित्रचौकटीचा हट्ट

बायांनो, गावदेवीच्या देवळात पहिला संगणक आला, तेव्हाची ही गोष्ट. त्याच्या टचस्क्रीनवर देवीचं चित्र दाखवायचं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्या मृण्मयीपुढे पडद्यावरचं बटण आणि नुसतं चित्र दाखवणारी चित्रचौकट दोघं येऊन उभी राहिली.

बटण म्हणालं, "ताई, मी चित्रही दाखवीन आणि दाबलं की पुढचं पानही उघडीन. या चौकटीला काय येतं? नुसतं बसायला!"

"हो, बसायलाच येतं," चौकट म्हणाली. "कुणी बोट लावलं म्हणून मी पळणार नाही. हवं तर पुसून टाका मला, पण मी बटण होणार नाही."

मृण्मयीने तिला खरंच पुसलं आणि चित्र बटणावर लावलं.

सकाळी वेणूकाकू दर्शनाला आल्या. पडद्यावरच्या देवीच्या पायांना बोट लावून त्यांनी ते कपाळी नेलं, डोळे मिटले. उघडले तर देवी गायब, समोर उत्सवाचं वेळापत्रक!

"अगं बाई, माझ्या हातून काय चुकलं?" काकू रडवेल्या झाल्या.

मृण्मयीने घाईघाईने चौकट परत आणली. "आता तरी थोडं बटणासारखं वागशील?"

"नाही हं, ताई," चौकट म्हणाली.

काकूंनी पुन्हा बोट लावलं, निवांत डोळे मिटले. उघडले तेव्हा देवी समोरच होती. अशी जागची न हलणारी सोबत तुम्हाआम्हालाही लाभो.