सावरीची चौथी पाकळी

एकदा एका तरुण आईची झोप एका वाक्याने उडवली. वाक्य साधे होते, आणि बालवाडीच्या शिक्षिकेने ते मुलीचा डबा हातात देताना अगदी सौम्यपणे उच्चारले होते : "जूनपासून शाल्मली इथे एक अक्षर बोललेली नाही हो. पुढच्या सोमवारी पहिलीच्या बाई मुलांना भेटायला येतील. त्यांना निदान स्वतःचं नाव तरी सांगू दे, नाहीतर आणखी एक वर्ष इथंच ठेवू या तिला."

आईने मान डोलावली, घरी आली आणि त्या रात्री छताकडे पाहत हिशोब मांडला : आपले काय चुकले? फार बोललो की फार कमी? पुस्तके वाचली ती चुकीची होती, की बरोबर होती आणि आपणच चुकीच्या होतो? शिकलेल्या आईला एवढे एक सुख असते. स्वतःला दोष द्यायला तिच्याकडे शब्दांची वाण नसते.

दृष्टांतात माणसांना सहसा नावे नसतात. या आईला नाव होते, पण त्या गावात ते कोणाला ठाऊक नव्हते. नवऱ्याची नोकरी फिरतीची. महिन्यातून चार दिवस तो घरी. फोनवर तो "अगं" म्हणे. शेजारी "शाल्मलीची आई" म्हणत, दूधवाला "वरच्या मजल्यावरच्या" म्हणे. घरी माणसे दोनच, आणि त्यांतली एक पाच वर्षांची. ती घरात मात्र बोलायची. थोडे, पण बोलायची.

त्याच गावात एक वृद्धा राहत. पन्नास वर्षे त्या क्रोशाचे विणकाम शिकवत आल्या होत्या; सगळा गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. त्यांच्या अंगणात काटेसावरीचे झाड होते. वसंतात त्याला एकही पान नसे, नुसती लाल, जाड पाकळ्यांची फुले; पण ती दुपारपर्यंत गळून जात. म्हणून दर चैत्रात बाईंच्या घरी गौरीचे हळदीकुंकू असले, की प्रत्येक शिष्येने आरासीसाठी सावरीचे एक फूल लोकरीने विणून आणायचे, असा त्यांचा रिवाज होता. पाच सुट्या पाकळ्या विणायच्या आणि मध्यावर शिवायच्या.

हातांना काम दिले की मन थंडावते, असे कोणीतरी सांगितल्यावरून ही आई बाईंकडे जाऊ लागली होती. मन थंडावले नाही. उलट हात चालू लागले, तसे मनही अधिक वेगाने चालू लागले. तरी फूल तिने हौसेने घेतले, कारण मुलीचे नाव त्याच झाडावरून ठेवलेले होते : शाल्मली म्हणजे सावरच.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती एक पाकळी विणी आणि विणता विणता मुलीचा सराव घेई.

"बाळ, नाव काय तुझं? असं समज, मी पहिलीच्या बाई आहे. सांग. पूर्ण नाव."

पहिल्या संध्याकाळी मुलीने पूर्ण नाव सांगितले, हळू आवाजात. "मोठ्यांदा," आई म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळी नुसतेच "शाल्मली" आले. तिसऱ्या संध्याकाळी मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. चौथ्या संध्याकाळी लोकरीच्या लडीचा गुंता झाला. मुलीने दोन्ही हात पुढे धरले, त्यांवर लड चढवून आईने गुंडा केला, आणि त्या खटपटीत नाव विचारायचे राहूनच गेले. मुलगी काहीतरी गुणगुणत होती. पाचव्या संध्याकाळी आईला आदल्या दिवशीची चूक आठवली, आणि तिने दुपटीने विचारले. तेव्हा मुलीने आपलाच तळहात आपल्या तोंडावर ठेवला.

त्यानंतर ती घरातही बोलेनाशी झाली. पाणी हवे असले की माठाकडे बोट दाखवी.

शनिवारी आई फूल घेऊन बाईंकडे गेली. चार पाकळ्या एकसारख्या, घट्ट, नेमक्या झाल्या होत्या. चौथी तेवढी बिघडली होती : बाकीच्यांहून बोटभर लांब आणि रुंद. तिने ती खालच्या बाजूला येईल अशी शिवून टाकली होती.

बाईंची नजर अधू झाली होती. त्यांनी फूल डोळ्यांजवळ नेलेच नाही, बोटांनी चाचपले. मग कात्री मागितली, शिवण कापली, पाकळ्या सुट्या केल्या, आणि पहिल्या पाकळीचे टोक धरून ती सरळ उसवायला घेतली.

"अहो बाई!" कुमुदताईंना राहवले नाही. त्या वर्गातल्या सगळ्यांत जुन्या. "चांगल्या पाकळ्या उसवताय तुम्ही! बिघडलीय ती ही, मोठी."

"कुमुद, तू तुझं बघ. तुझ्या फुलाला मागच्या वर्षी सहा पाकळ्या होत्या."

"ते गौरीला जास्तीचं म्हणून हो!"

बायका हसल्या. बाईंनी दुसरी उसवली, तिसरीही उसवली. आईचे डोळे भरून येत होते. इतक्या लोकांत आपली चूकसुद्धा आपल्याला ओळखता येत नाही, असे तिला वाटले. शेवटची घट्ट पाकळी उसवण्यापूर्वी बाईंनी ती तिच्या हातात दिली.

"हिच्या कडेने आणखी एक ओळ घाल."

आईने टाक्यात सुई घालून पाहिली. सुई जाईना. जोर केला, तेव्हा लोकरच तुटली.

"आता त्या मोठीत घाल."

चौथ्या पाकळीत सुई आपणहून गेली.

"बोटाला लोकरीचे वेढे किती घेतेस?"

"तीन," आई म्हणाली. "निसटू नये म्हणून."

"आणि ही विणलीस त्या दिवशी?"

आईने आठवून पाहिले. "लक्ष नव्हतं माझं. लडीचा गुंता झाला होता. मुलगी समोर हात धरून बसली होती." मग का कोण जाणे, तिने सगळेच सांगून टाकले : सोमवार, सराव, माठाकडचे बोट. सुया थांबल्या.

बाईंनी उरलेली पाकळी शांतपणे उसवून संपवली. मग त्या म्हणाल्या, "निसटेल या भीतीनं आपण टाका आवळतो. घट्ट टाका दिसतोही छान. पण विणकामातला कुठलाच टाका आपल्यापुरता नसतो, बाळ. पुढच्या ओळीची सुई त्याच्यातूनच जायची असते. तिच्यापुरती जागा ठेवायची, एवढंच आपलं काम. ती जागा भरायची घाई आपण करायची नाही. तू चार दिवस फार नेटकं विणलंस. पण त्यात पुढच्या ओळीला शिरायला जागाच ठेवली नाहीस."

"पण मग सोमवारी ती बोलेल का?"

"ते मला काय माहीत?" बाई म्हणाल्या. "मी लोकरीचं सांगितलं."

मोठी पाकळी आणि उसवलेली लोकर पिशवीत घालून आई घरी निघाली. बाईंच्या अंगणात सावरीची फुले पडली होती. एकही तिने उचलले नाही. अशा वेळी माणसाने काहीतरी उदात्त विचार करावा. ती मात्र वाटभर एवढेच म्हणत होती, की तीन वेढे, मेले मी तीन वेढे घेत होते.

उसवलेली लोकर वेटोळी होऊन बसते. ती पुन्हा गुंडाळल्याशिवाय विणता येत नाही. संध्याकाळी आई जमिनीवर बसली. मुलगी आली, समोर बसली आणि न सांगता तिने दोन्ही हात पुढे केले. आईने लोकर तिच्या मनगटांवर चढवली आणि गुंडा करू लागली. थोडा गुंडा झाला, तेव्हा उरलेली लोकर मुलीच्या मनगटांवर तशीच ठेवून, बोटाला एकच वेढा घेऊन तिने नवी पाकळी सुरू केली. लोकर दोनदा निसटली. तिने निसटू दिली आणि पुन्हा धरली.

प्रश्न तिच्या जिभेवर येऊन बसला होता. सोमवार परवावर आला होता. न विचारणे हे विचारण्याहून इतके कष्टाचे असते, हे तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. जे आपल्याला फार हवे असते, त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवून गप्प बसणे, याहून एकटे काम दुसरे नसावे.

पाकळी अर्धी झाली, तेव्हा मुलगी म्हणाली, "आज नाव नाही विचारणार?"

आईचा टाका आवळू पाहत होता. तिने तो सैल सोडला. "नाही."

"मग मी विचारू?"

"विचार."

मुलगी ताठ बसली. मनगटांवरची लोकर सावरून, पहिलीच्या बाईंसारखा आवाज काढून तिने विचारले, "बाळ, नाव काय तुझं?"

आईने तोंड उघडले. नाव तिला ठाऊक होते. पण त्या गावात आल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता, आणि आता तो आला, तर घशातून आवाज फुटेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. समोर मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबली होती. "मोठ्यांदा" म्हणाली नाही, की "पूर्ण सांग" म्हणाली नाही. लोकरीचा एक वेढा तिच्या मनगटावरून घसरला, तो तिने हनुवटीने वर ढकलला.

मग ती म्हणाली, "राहू दे. उद्या सांग."