गोदीचे दुधाचे दात

एकदा काय झालं, रानाच्या कडेला एक गाव होतं. तिथं गोदी नावाची पोर राहायची. घरात आई, पाळण्यात तान्हा भाऊ आणि गोठ्यात एक वासरू. बाप देवाघरी गेलेला. गोदी तुझ्यासारखीच होती, शरू. जरा काही झालं की आईच्या पदराआड लपायची. हसतेस काय, खरंच सांगतेय.

तर शेजारची म्हातारी वारली. तिची लेक रडता रडता म्हणाली, "मी मोठी झाले नि आई म्हातारी झाली. म्हातारी झाली नि गेली." गोदीनं ते ऐकलं आणि ठरवलं, आपण मोठंच व्हायचं नाही. म्हणजे आई म्हातारी होणार नाही. भीतीला कुठं अक्कल असते!

आता त्या गावात रीत अशी, की दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकायचा. मग नवा दात येतो, पोर मोठं होतं. गोदीचा पहिला दात पडला. तिनं तो मुठीत लपवला आणि भर दुपारी शिवेवरच्या सटवाईकडे गेली. बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ना, तीच ही सटवाई, बरं का.

गोदी म्हणाली, "हा दात तूच ठेव. मला मोठं करू नकोस."

शेंदराच्या दगडातून आवाज आला, "वाढ वाया जात नाही, पोरी. तुला नको तर दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

"दे कुणालाही!"

घरी येते तर काय, सकाळी उड्या मारणाऱ्या वासराचा म्हातारा बैल झालेला. दिवस मावळायच्या आत मेलासुद्धा. गोदी खूप रडली. पण आईचे केस काळेच होते, म्हणून तिनं डोळे पुसले.

मग दुसरा दात पडला. तोही तिनं सटवाईला दिला. घरी आली तर पाळणा मोडून पडलेला, आणि खाली मिशा फुटलेला बाप्या तान्ह्या बाळासारखा दुधासाठी रडतोय. आईनं नुसतं कपाळ बडवून घेतलं.

मग तिसरा दात पडला. या वेळी गोदी म्हणाली, "गुराला नको, भावाला नको."

सटवाई म्हणाली, "मग घरात उरलं कोण?" पण गोदी दात ठेवून केव्हाच पळाली होती.

उंबऱ्यावर आई बसलेली. केस पांढरे, पाठ वाकलेली, डोळ्यांत फूल पडून दिसेनासं झालेलं. म्हणाली, "कुणी पाणी देता का गं?" घरात थेंब नव्हता. गोदी विहिरीवर गेली, पण भरलेली घागर तिला ओढवेना. उलट घागरच तिला आत ओढायला लागली. तशीच ती सटवाईकडे धावली.

"आईचं म्हातारपण परत घे!"

"दिलेलं परत येत नाही."

"मग माझी उरलेली वाढ मला दे. सगळी दे. आत्ता दे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. तरी दे."

मग हाडं कडाकडा वाजली. अंग असं दुखलं, की गोदी मातीत लोळली. उठली ती चांगली बाई होऊन. तिनं पाणी ओढलं, भाकरी थापली, दुधात कुस्करून आईला भरवली, भावाला भरवली.

आईनं तिचा चेहरा चाचपला. "कोण गं तू, बाई? माझी गोदी कुठाय? एवढीशी आहे ती. घाबरत असेल."

गोदीनं तिचा हात हातात घेतला. म्हणाली, "येईल हं ती. तोवर मी आहे ना तुमच्याजवळ."

काय गं शरू? नाही, आईनं तिला कधीच ओळखलं नाही. पण रोज पोटभर जेवली, तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. भाऊ हळूहळू चालायला शिकला, बोलायला शिकला. तिघं सुखानं राहिली. गोदीचं हे एवढं झालं, आणि आपली गोष्टही झाली.

आता त्या कुशीवर वळ. रडू नकोस, वेडाबाई, मी आहे इथंच. डोळे मीट बघू.