मागचं उजवं चाक

"मग सेन्सर खोटं बोलला म्हणायचं का, मेस्त्री?"

गौरेशनं विचारलं. बस्त्यांव मेस्त्री गाडीखाली वाकले होते. ते जॅक लावत होते.

गाडी आंबोली घाटातून ओढून आणलेली. पुढचा भाग पार चेपलेला. गेल्या आठवड्यात ती याच गॅरेजमधून दुरुस्त होऊन बाहेर पडली होती, आणि किल्ली गौरेशनं स्वतः गाडीच्या मालकीण शिरोडकर बाईंच्या हातात दिली होती. गौरेश मेस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला. बिघाड शोधायचा स्कॅनर त्याच्याइतका गावात कुणाला कळत नाही, असं लोक म्हणत. त्यालाही ते पटलं होतं.

"घसरणारी गाडी सावरून धरते ना, ती यंत्रणा मधेच बंद पडायची. पिवळा दिवा लागायचा," तो सांगू लागला. "स्कॅनरनं मागच्या उजव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर दाखवला. मी नवा घातला. दिवा गेला. चालवूनही पाहिली..."

"कुठे?"

"बाजारातून. सरळ रस्त्यानं."

घाटात दिवा परत लागला होता. ओल्या वळणावर गाडी फिरली ती थेट कठड्यावर.

मेस्त्रींनी मागचं उजवं चाक उचललं. गौरेशचा हात धरून आतल्या स्प्रिंगवर ठेवला, आणि चाक हातानं फिरवलं.

तळव्याखाली खरखर झाली. बेअरिंग गेलेलं.

चाक थांबलं तरी गौरेशनं हात काढला नाही.

"चाकच डुगडुगत होतं... सेन्सर खरं तेच सांगत होता. मी सांगणाराच बदलला."

मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"बाई काही म्हणाल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"म्हणाल्या होत्या. वळणावर मागून घरघर येते म्हणून." गौरेशनं आता हात काढला. "मी म्हटलं, बाई, मशीनवर तसं काही दिसत नाही. त्या आणखी काही बोलणार होत्या... मी किल्ली पुढं केली."

बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. यापुढे काठीशिवाय चालणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाई एकट्या राहत. कुठंही जायचं तर स्वतःच गाडी काढत.

गौरेशनं हात धुतले, शर्ट बदलला. दारापर्यंत गेला आणि घुटमळला.

"दवाखान्यात जाऊन येतो, मेस्त्री. पण... काय सांगू त्यांना?"

मेस्त्री जॅक उतरवू लागले.

"तू काही सांगू नकोस. त्यांचं राहिलेलं बोलणं होऊ दे."